१९७१च्या माजी सैनिकांचा सहकुटुंब स्नेहमेळावा कसा भरवावा

१९७१च्या डिसेंबरात पाकिस्तानशी झालेल्या युद्धात ऐन विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास पोहोचला आहे, आणि १९६५चीही लढाई पाहिलेले त्याचे वडीलधारे सोबती ऐंशीच्या घरात किंवा त्याही पुढे गेले आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात, जिथे अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळी अशी गावाच्या नावातच फौज शिरली आहे, तिथे या मंडळींचे मेळावे कुठे ना कुठे भरत असतात. मी एका हवालदाराचा मुलगा आहे आणि काही वर्षांपासून आमच्या तालुक्यातल्या मेळाव्याची जुळवाजुळव करतो. पहिल्या वर्षी आम्ही कमान उभारली, पाच पाहुणे बोलावले, त्यांची भाषणे अडीच तास चालली, आणि निघताना एक वयोवृद्ध सुभेदार साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कार्यक्रम झकास झाला. फक्त आमची भेट तेवढी राहिली." पुढच्या वर्षापासून आम्ही जे जे बदलले ते त्या एका वाक्यामुळे बदलले, आणि खाली जे लिहितो आहे तेही बहुतांशी त्यातूनच आलेले आहे.

तारीख आणि वेळ

१६ डिसेंबर हा विजय दिवस असल्याने सर्वांना आधी तीच तारीख सुचते. त्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी मानवंदनेचे कार्यक्रम असतात, त्यामुळे चालती-फिरती मंडळी तिकडे जातात आणि तुमच्याकडे येणाऱ्यांची ओढाताण होते. शिवाय डिसेंबरात आमच्याकडे ऊसतोड ऐन भरात असते. वडिलांना गाडीवर घालून आणणारा मुलगा फडावर अडकलेला असतो. म्हणून विजय दिवसाच्या आधीचा किंवा नंतरचा रविवार धरावा. ४ फेब्रुवारी मात्र टाळावी. कोंढाणा सर केल्याच्या स्मरणार्थ मराठा लाइट इन्फंट्री तो दिवस आपला रेजिमेंटचा दिवस म्हणून पाळते, आणि ज्यांना प्रवास झेपतो त्यांचे मन त्या दिवशी बेळगावात असते.

सुरुवात साडेदहाच्या आधी ठेवू नये. थंडीत सांधे धरतात, सकाळच्या गोळ्या न्याहारीनंतर घ्यायच्या असतात, आणि आडगावाहून येणाऱ्याला पहिली एसटी मिळून पोहोचायला तेवढा वेळ लागतोच. शेवट साडेतीनच्या पुढे नेऊ नये, कारण मोतीबिंदूच्या माणसाला तिन्हीसांजेला पायाखालची वाट दिसत नाही. निमंत्रणात एक ओळ आवर्जून लिहावी की येताना आधार कार्ड जवळ ठेवावे: पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि महिलांना निम्मे तिकीट आहे, पण वयाचा पुरावा नसला की कंडक्टरशी वाद होतो आणि अर्धे लोक त्या वादाच्या धास्तीनेच घरी राहतात.

यादी करणे, आणि फोन करणे

यादीला किमान तीन महिने द्यावेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची आणि विधवांची नोंद असते. तिथे रीतसर पत्र देऊन आपला हेतू सांगावा, आणि पत्ते देणे त्यांना शक्य नसेल तर आपले निमंत्रण त्यांच्यामार्फत पाठवण्याची विनंती करावी. मात्र माझा अनुभव असा की कागदापेक्षा लष्करी कॅन्टीनची रांग अधिक बोलकी असते. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात सकाळी औषधासाठी बसलेल्यांपाशी तासभर बसलात तर एकेका तोंडून चार-चार नावे निघतात. ग्रामपंचायतीचा शिपाई, पोस्टमन आणि जुना रेशन दुकानदार यांनाही विचारावे.

नोंदवहीत प्रत्येकाच्या नावापुढे पलटण, कंपनी, गाव, सोबत कोण येणार आणि घरातल्या ज्या माणसाकडे मोबाइल असतो त्याचा क्रमांक, एवढे लिहावे. पलटण आणि कंपनी विसरू नये. आमच्या यादीत एकाच नावाचे तीन जाधव निघाले होते, आणि कोणता जाधव कोणाला भेटायला तळमळतो आहे हे कंपनीवरूनच कळले. लष्करी क्रमांक तर पाठच असतो. काल काय जेवलो हे न आठवणारा माणूससुद्धा तो क्रमांक न अडखळता सांगतो आणि सांगताना ताठ बसतो.

फोन कसा करावा यावर जरा थांबतो, कारण इथे चूक झाली तर ती भरून निघत नाही. ज्या घरी पाच-सात वर्षांत कोणी बोललेले नाही तिथे थेट "ते आहेत का?" असे कधीही विचारू नये. आधी त्याच गावातल्या दुसऱ्या कोणाकडून कानोसा घ्यावा. तरीही कधीतरी पलीकडून आवाज येतोच, "अहो, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली." अशा वेळी गडबडून फोन ठेवू नये. थोडे थांबावे, ते कसे गेले हे त्या सांगू लागल्या तर ऐकून घ्यावे, आणि मग सांगावे की वहिनी, आमंत्रण या घराला आहे, तुम्ही आणि मुलांनी यायचे आहे. पहिल्या फोनला बहुतेक जणी "आम्ही येऊन काय करायचं?" असे म्हणतात. आठवड्याने दुसरा फोन त्यांच्या यजमानांच्या कंपनीतल्याच एखाद्या सोबत्याने करावा. आमच्याकडे त्या दुसऱ्या फोनने बऱ्याच जणी आल्या.

जागा पाहताना

मंगल कार्यालय ठरवताना मालकाशी भाड्याचे बोलण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन यावे. उकिडवे बसता येत नाही अशी निम्मी मंडळी असतात, आणि बऱ्याच कार्यालयांत कमोड केवळ वधूपक्षाच्या खोलीत असतो. ती खोली दिवसभर उघडी राहील असे आधीच ठरवून घ्यावे, किंवा कमोडची खुर्ची भाड्याने आणावी. पायऱ्या असतील तर फळ्यांचा उतार करून घ्यावा. खुर्च्या हाताच्याच असाव्यात, कारण हात टेकल्याशिवाय या वयात उठता येत नाही, आणि मंडपवाला न सांगता बिनहाताच्याच आणतो.

तोफखान्यातल्या लोकांना ऐकू कमी येते, हे त्यांच्या घरचे कोणीही सांगेल. पत्र्याच्या छताखाली मोठे स्पीकर लावले की आवाज घुमतो आणि त्यांना शब्द मुळीच लागत नाहीत. लहान स्पीकर चार ठिकाणी, खुर्च्यांच्या उंचीवर लावावेत आणि देशभक्तीची गाणी दिवसभर वाजवत ठेवण्याचा मोह आवरावा. दोन म्हातारी माणसे पन्नास वर्षांनी एकमेकांशी बोलत असताना वरून गाणे वाजत असेल तर ती दोघेही केवळ माना हलवत बसतात.

एक डॉक्टर, रक्तदाब आणि साखर मोजण्याची सोय, आणि १०८ला आपले ठिकाण नेमके कोणत्या खुणेवरून सांगायचे याची एका कागदावर लिहिलेली ओळ, एवढे ठेवावे. प्रत्येकाच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागे चालू औषधे आणि घरच्यांचा क्रमांक लिहून घ्यावा; पुढच्या बाजूस नाव, पलटण आणि गाव इतक्या ठळक अक्षरांत असावे की चष्मा नसला तरी वाचता यावे.

बसण्याची रचना

रांगा लावू नयेत. पलटणीप्रमाणे, आणि पलटणीतले लोक पुरेसे असतील तर कंपनीप्रमाणे, खुर्च्यांची गोल वर्तुळे करावीत. आमच्या तालुक्यात मराठा आणि महार रेजिमेंटचे लोक जास्त, त्यांच्या खालोखाल तोफखाना, बॉम्बे सॅपर्स (लष्करी अभियंते) आणि सिग्नल्सचे (संदेशवहन दलाचे). ज्यांच्या पलटणीचे दुसरे कोणीच उरलेले नाही अशांचे एक वेगळे वर्तुळ करतो, आणि दर वर्षी सर्वांत जास्त हशा तिथूनच ऐकू येतो. हुद्द्यानुसार जागा लावण्याची गरज नाही, कारण ते काम ती मंडळी स्वतःच करतात: सुभेदार साहेब दिसले की सत्तर पार केलेला शिपाई काठीवर जोर देऊन उठतो आणि आपली खुर्ची पुढे करतो. तेव्हा त्याला "बसा, बसा" म्हणून दाबू नये. मागे एक रिकामी खुर्ची तयार ठेवावी, म्हणजे काम भागते.

मंचावरचा कार्यक्रम चाळीस मिनिटांचा

ध्वजवंदन किंवा दीपप्रज्वलन, हुतात्म्यांची नावे, दोन मिनिटे स्तब्धता, एका पाहुण्याचे पाच मिनिटांचे बोलणे आणि राष्ट्रगीत, एवढेच मंचावर असावे. एखाद्या पुढाऱ्याला टाळता येणे शक्य नसेल तर त्यांना जेवणाच्या वेळी बोलवावे, म्हणजे ते वर्तुळांमधून फिरतील, हात मिळवतील आणि माइकपासून दूर राहतील. हुतात्म्यांचे नाव वाचताना हुद्दा, पलटण आणि गाव हे तिन्ही वाचावे, आणि उच्चार आधी घरच्यांकडून तपासून घ्यावा.

इथे एक धोका आहे जो मी डोळ्यांनी पाहिला आहे. बसूनच मानवंदना द्यावी असे आम्ही दोनदा जाहीर केले होते, सर्वांनी माना डोलावल्या होत्या. मग निवेदकाने नेहमीच्या सवयीने "सावधान!" म्हटले, आणि त्या एका शब्दासरशी अख्खा मांडव उभा राहिला. ज्यांचे गुडघे बदललेले होते तेही उठले, चाकाच्या खुर्चीतल्या एका नाईकांनी दोन्ही हात रेटून कंबर उचलली, आणि दोघे जण तोल जाऊन पुढच्या खुर्चीवर आले. कोणाला लागले नाही हे नशीब. तेव्हापासून त्या वेळी प्रत्येक दोन खुर्च्यांमागे एक स्वयंसेवक उभा असतो. एनसीसीची मुले या कामाला चांगली, आणि सुट्टीवर आलेले जवान त्याहून चांगले, कारण हात कुठे धरावा आणि धरल्याचे दिसू नये हे त्यांना न सांगता कळते.

शेवटी प्रत्येक पलटणीला आपापला जयघोष करू द्यावा. मराठ्यांचे "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" आणि महार रेजिमेंटचे "बोलो हिंदुस्तान की जय" हे एकापाठोपाठ झाले की सकाळपासून गप्प बसलेली माणसेही बोलती होतात. जयघोष त्यांच्यातल्याच कोणीतरी द्यावा, निवेदकाने नव्हे.

पदके आणि मानाचे शब्द

पदके लावून यावे असे निमंत्रणात लिहावे. १९७१ला पूर्व आघाडीवर असलेल्यांकडे पूर्वी स्टार, पश्चिमेला असलेल्यांकडे पश्चिमी स्टार, आणि दोघांकडेही संग्राम मेडल असते. १९६५च्या लोकांकडे समर सेवा स्टार किंवा रक्षा मेडल. ही नावे निवेदकाला माहीत असली तर तो सर्वांना सरसकट "शौर्यपदक विजेते" म्हणण्याची चूक करणार नाही. ती चूक स्तुतीची वाटली तरी ज्याच्या छातीवर ते पदक आहे त्याला ती खटकते, कारण शौर्यपदक कोणाला मिळाले आणि कोणाला मिळायला हवे होते हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. सैनिक स्वतः पदके डाव्या छातीवर लावतो. दिवंगत सैनिकाची पदके त्याचे कुटुंबीय उजव्या बाजूस लावतात.

शब्दांची अशीच काळजी घरच्यांबाबत घ्यावी. रणात पती गमावलेल्या त्या वीरपत्नी, मुलगा गमावलेल्या त्या वीरमाता. पती निवृत्तीनंतर घरी वारले त्यांचा मान वेगळा आणि तोही पुरेसा मोठा आहे. त्यांना त्यांच्या नावाने आणि पतीच्या पलटणीने ओळख करून द्यावी. महिलांसाठी म्हणून हळदी-कुंकू ठेवण्याची सूचना समितीत हमखास येते. ती मान्य करू नये. निम्म्याहून अधिक महिला विधवा असलेल्या मेळाव्यात हळदी-कुंकवाचे ताट फिरवले की त्या आपोआप भिंतीकडे सरकतात, आणि ज्यांच्यासाठी दिवस होता त्याच कडेला पडतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले. जुन्या जाणत्या बायका अडून बसल्या तर आम्ही त्या गावाचे उदाहरण देतो. गजरे आणायचे तर सर्वांना आणावेत.

शाल-श्रीफळाचेही तेच. प्रत्येकाच्या घरी शालींची चळत आहे, आणि नारळ हातात घेऊन काठी धरता येत नाही. त्याऐवजी सर्वांकडून जुने फोटो गोळा करून पलटणीचा एक समूहफोटो मोठा छापून द्यावा. फोटो गोळा करताना ते घरी नेऊ नयेत. मेळाव्यातच एका टेबलावर स्कॅन करून तिथल्या तिथे परत करावेत, आणि कोण कुठे उभे आहे हे समोरच लिहून घ्यावे.

आठवणी कशा विचाराव्यात

१९७१च्या युद्धातली, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरची गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे: आपल्या बाजूच्या ब्रिगेडियर क्लेर यांनी तिथल्या पाकिस्तानी फौजेला शरण या असे पत्र पाठवले, पलीकडून उत्तराच्या पाकिटात बंदुकीची गोळी आली, आणि १० डिसेंबरच्या रात्री किल्लेबंदीतून बाहेर पडू पाहणारी पाकिस्तानची बलुच पलटण वाटेत दबा धरून बसलेल्या १ मराठाच्या, म्हणजे जंगी पलटणीच्या, माऱ्यात सापडली. ही झाली पुस्तकातली हकीगत. त्या रात्री एका खड्ड्यात बसलेल्या शिपायाला ना पत्र माहीत होते ना गोळी. त्याला काय माहीत होते ते विचारावे. पायात बूट होते का, अंगावर काय पांघरले होते, शेजारी कोण होते, दिवसभरात खाणे काय मिळाले, घरी पत्र कधी गेले. असे विचारले की माणूस तासभर बोलतो. "तुम्ही किती मारले?" हा प्रश्न नातवंडे हटकून विचारतात, त्यांना आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवावे, कारण या प्रश्नानंतर समोरचा माणूस दिवसभर मिटून जातो.

रेकॉर्डिंग करायचे तर विचारून, बसल्या जागी, मोबाइल टेबलावर ठेवून करावे आणि परवानगीशिवाय कुठेही टाकू नये. बोलता बोलता डोळे भरले तर रेकॉर्डिंग थांबवावे. पत्नीलाही शेजारी बसवावे, कारण त्या १३ दिवसांत गावात रेडिओवर काय ऐकू येत होते आणि तार आणणारा माणूस दिसला की काय व्हायचे, ही लढाईची दुसरी बाजू तिच्याकडेच असते आणि तिला ती कोणी विचारलेली नसते.

कागदाचे टेबल

एका कोपऱ्यात पेन्शनची माहिती असणारा माणूस बसवावा. माजी सैनिक संघटनेत असा कोणीतरी असतोच. आमच्याकडे सर्वांत लांब रांग तिथे लागते. बहुतेकांचा घोटाळा एकच असतो: पलटणीच्या नोंदीत पत्नीचे नाव लक्ष्मी, आधारवर लक्ष्मीबाई, बँकेत माहेरचे आडनाव, आणि जन्मतारीख तिन्हीकडे वेगवेगळी. नवरा हयात आहे तोवर हे कोणाला जाणवत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतन अडते, आणि सत्तरीची बाई एकटी रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसते. म्हणून दोघे एकत्र आलेली असताना पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), आधार आणि पासबुक शेजारी ठेवून तिन्हींवरची नावे अक्षरशः बोट ठेवून जुळवून पाहावीत. जन्मतारखेचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे: वयाची ८० पूर्ण झाली की मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, ८५ला ती ३० टक्के होते, आणि हे कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागू आहे, पण तारीखच चुकीची असली की वाढ सुरू होत नाही. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला राहून गेला असेल तर तोही याच टेबलावर लक्षात येतो. बोटांच्या रेषा झिजल्याने ठसा उमटत नसेल तर चेहऱ्यावरून पडताळणीची सोय आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

जेवण

बडाखाना, म्हणजे फौजेतली सर्वांची एकत्र मेजवानी, अशी पाटी लावली तरी बुफे ठेवू नये. हातात ताट, काठी आणि गर्दी हे तिन्ही एकत्र जमत नाही. टेबल-खुर्चीवर पंगत बसवावी आणि वाढावे. भाकरी ताजी आणि मऊ असावी, भात थोडा जास्त शिजलेला, रस्सा कमी तिखट, आणि गोडाचे एकच पण लहान वाटीत. माळकरी किती आहेत हे फोनवरच विचारून ठेवावे; त्यांची पंगत वेगळी असली तरी कोपऱ्यात नसावी. रमचा प्रश्नही येतोच, कारण कोणाच्या तरी पिशवीत कॅन्टीनची बाटली असते. आमचा नियम असा की आवारात नाही, आणि पिशवी तपासायचीही नाही.

जेवणानंतर काहीही ठेवू नये. ना गाणी, ना खेळ, ना आभारप्रदर्शन. दीड-दोन तास वर्तुळे तशीच राहू द्यावीत, अधूनमधून चहा फिरवावा, आणि कोणी मला अमक्यापाशी नेऊन बसवा म्हटले तर नेऊन बसवावे. समितीतल्या उत्साही लोकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, आणि त्यांना आवरणे हेच आयोजकाचे त्या दुपारचे मुख्य काम असते.

निरोप देताना प्रत्येक गाडीत कोण बसले हे वहीत टिपावे आणि रात्री पोहोचल्याचा फोन घ्यावा. सकाळी येतानाच काठी, चष्म्याचे घर आणि औषधांची पिशवी यांवर नावाची चिठ्ठी चिकटवलेली असली तर बरे. आम्ही ते विसरलो त्या वर्षी संध्याकाळी मांडवात सात काठ्या उरल्या होत्या, सगळ्या एकसारख्या. दुसऱ्या दिवशी फोन सुरू केले, तर सातही जणांनी सांगितले की काठी आमच्याजवळ आहे. कोण कोणाची काठी घेऊन घरी गेला आहे हे उलगडायला आठवडा लागला, आणि दोघांनी तर बदललेली काठी परत द्यायला साफ नकार दिला.